रिकामा रकाना

ऑनलाइन फॉर्म भरताना काही चौकटींपुढे एक छोटी लाल तारका असते. ती चौकट भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. भरली, पण यंत्राला हवी तशी भरली नाही, तर खाली लाल अक्षरांत तक्रार उमटते. माझ्या वयाचे बरेच जण इथे हात टेकतात आणि नातवाला हाक मारतात.

मला या तारकेचा राग येण्याऐवजी कुतूहलच जास्त वाटतं. आयुष्याची छत्तीस वर्षं शाळेत गेली. दाखल-खारीज रजिस्टर, परीक्षेचे अर्ज, दाखले, शिवाय शिक्षकाच्या वाट्याला येणारी जनगणना. लोकांकडून माहिती घ्यायची, ती रकान्यात बसवायची आणि बसवलेली बरोबर आहे का ते पाहायचं, हा उद्योग संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. माझा भाचा संगणकावरचे असे फॉर्म तयार करण्याचं काम करतो. तो या तपासणीला 'व्हॅलिडेशन' म्हणतो. मी त्याला म्हटलं, अरे, आपल्याकडे याला जुना शब्द आहे, पडताळा! त्यावरून जे बोलणं झालं आणि नंतर जे वाचलं, ते आज सांगावं म्हणतो.

पूर्वी आम्ही मुलांना गुणाकाराचा ताळा करायला शिकवत असू. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. आता २३ च्या अंकांची बेरीज ५, १४ चीही ५. पाच पाचे पंचवीस, २ आणि ५ सात. उत्तराच्या अंकांची बेरीज ३ अधिक २ अधिक २, म्हणजे सात. ताळा जुळला! पण वर्गातलं एखादं चौकस पोर विचारायचंच, "गुरुजी, उत्तर २३२ लिहिलं तरी सातच येतात की." बरोबर होतं त्याचं. नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही. आणि हाताने लिहिताना माणूस नेमकी तीच चूक वारंवार करतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रकान्यांकडे येऊ. आपण ज्याला 'सातबारा' म्हणतो, ते कशाचं नाव आहे हे किती जणांना ठाऊक असतं? महसूल खात्याचे गावपातळीवरचे जे छापील फॉर्म, त्यांना गाव नमुने म्हणतात. त्यातला सातवा नमुना जमिनीवरच्या हक्काचा आणि बारावा पिकांच्या नोंदीचा. ते दोन एकत्र, म्हणजे सातबारा. शेतकऱ्याच्या जिवाभावाची गोष्ट, भावाभावांत कोर्टकचेऱ्या लावणारी, आणि तिचं नाव काय, तर दोन फॉर्मचे क्रमांक!

कागदी फॉर्मवर पडताळ्याची एक सोपी युक्ती होती. तीच गोष्ट दोनदा लिहायची, पण दोन वेगळ्या तऱ्हांनी. शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी. १ चा ७ करणं सोपं, पण 'एक'चा 'सात' करायला बरीच कारागिरी लागते. जास्तीचं लिहिलेलं वाया जात नाही, ते साक्षीदार म्हणून उभं राहतं. संगणकाच्या जगातल्या पुष्कळ युक्त्या या एका युक्तीच्या लेकी-नाती आहेत.

यंत्राने माहिती मोजण्याची मोठी सुरुवात अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत झाली. हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रात प्रत्येक माणसासाठी एक कार्ड आणि त्याच्या माहितीप्रमाणे कार्डाला भोकं. कार्ड दाबलं की भोकातून सुई खाली पाऱ्याच्या वाटीत टेकायची, विजेचं मंडल पूर्ण व्हायचं आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकायचा. नोंद झाली की घंटा वाजायची. घंटा वाजली नाही, तर कार्ड तपासायचं. आज फॉर्म पाठवल्यावर 'नोंद झाली' असा हिरवा संदेश येतो ना, तो या घंटेचाच वारस.

पुढे व्हेरिफायर नावाचं यंत्र आलं. एका मुलीने कागद पाहून कार्डाला भोकं पाडायची. मग तेच कार्ड दुसरीच्या यंत्रात घालायचं आणि तिने मूळ कागद पाहून सगळं पुन्हा टाइप करायचं. तिची कळ आणि कार्डातलं भोक जुळलं नाही की यंत्र अडायचं. पैसे पाठवताना आजही खाते क्रमांक दोनदा लिहायला लावतात, आणि दुसऱ्यांदा लिहिताना वरचा उतरवून चिकटवू देत नाहीत. त्यामागचं कारण हेच. ताळा दुसऱ्या हाताने, मूळ कागद पाहून झाला पाहिजे. पहिल्याची वही पाहून केलेला ताळा म्हणजे कॉपी!

पण दोन हात लावूनही काय निसटतं, याचा एक नामी किस्सा आहे. अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेच्या तक्त्यांत चौदा-पंधरा वर्षांचे विधुर मुलगे भलतेच जास्त दिसू लागले. एवढ्या लहान मुलांची लग्नं कधी झाली आणि बायका वारल्या कधी? ॲन्सली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९६२ साली याचा छडा लावला. त्यांचा निष्कर्ष असा की काही थोड्या कार्डांवरची भोकं एक रकाना उजवीकडे सरकून पडली होती. एकाच्या जागी दुसरा आकडा वाचला गेला आणि प्रौढ माणसांतून पोरवयाचे विधुर तयार झाले. प्रमाण म्हणाल तर नगण्य, पण जिथे मुळात विधुर जवळजवळ नसतात तिथे तेवढ्याने तक्ता बिघडला.

यातला धडा मोलाचा आहे. वय १४, हा आकडा चुकीचा नाही. विधुर, हे उत्तरही चुकीचं नाही. दोन्ही एकत्र आली की शंका यायला हवी. पिन कोडचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, केंद्र सरकारातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, तो शून्य कधीच नसतो. महाराष्ट्र आणि गोव्याला ४. फॉर्म एवढं सहज तपासू शकतो: आकडे सहा आहेत का, पहिला शून्य तर नाही ना. पण गावापुढे 'नागपूर' आणि पिनपुढे ४११००१ लिहिलं तर? दोन्ही रकाने आपापल्या जागी निर्दोष, आणि पत्र मात्र पुण्याला जाणार. चांगला फॉर्म एकेक रकाना तपासून थांबत नाही, शेजारच्याशी ताळमेळही पाहतो.

आता मघाच्या चौकस पोराकडे परत. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५४ साली एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६० साली मिळालं. क्रमांकाच्या शेवटी एक जादा अंक जोडायचा, तो आधीच्या अंकांवरून काढलेला. समजा क्रमांक ४५६. उजवीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करायचा. ६ चे १२, त्यांची बेरीज ३. ५ तसाच. ४ चे ८. एकूण १६. दहाच्या पटीत, म्हणजे २० पर्यंत जायला ४ हवेत. म्हणून क्रमांक झाला ४५६४. आता कुणी गडबडीत ४६५४ लिहिलं, तर ५ चे १०, बेरीज १. ६ तसाच, ४ चे ८. एकूण १५ आणि शेवटचे ४, म्हणजे १९. दहाची पट नाही, चूक सापडली! एक सोडून एक दुप्पट करण्यातली गंमत हीच की अंकाबरोबर त्याची जागाही हिशेबात येते. आपल्या नवाच्या ताळ्यात नेमकं हेच नव्हतं. तरी शेजारी आलेले ० आणि ९ उलटले, तर तेवढं लूनना सापडत नाही. डच गणिती व्हेरहूफ यांनी १९६९ साली तीही फट बुजवली. बँकेच्या कार्डावरचा क्रमांक लूनच्या रीतीने तपासला जातो, आणि आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक व्हेरहूफच्या. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, हे आपल्याला आठवत असेल. त्या कार्डावर एका डच माणसाचं गणित होतं.

वेबपानावरचा फॉर्म हा या घराण्यातला धाकटा. टिम बर्नर्स-ली यांनी वेब सुरू केलं तेव्हा ते मुख्यतः वाचायचं साधन होतं. चौकटी, यादी, बटण असा फॉर्म १९९३ च्या सुमारास मोझॅक या ब्राउझरमध्ये आला आणि नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० या नियमावलीत त्याला अधिकृत जागा मिळाली. तेव्हा तपासणी सगळी पलीकडच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर. आपण फॉर्म पाठवायचा, टेलिफोनच्या तारेवरून तो जायचा, आणि 'आडनाव राहिलं' एवढं सांगायला पान परत यायचं. तालुक्याच्या कचेरीत दिवस मोडून जावं आणि 'उद्या या' ऐकून परत फिरावं, तसा प्रकार. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली, त्यानंतर ही तपासणी आपल्याच पडद्यावर, पाठवण्याआधी होऊ लागली. २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्ये तर 'ही चौकट आवश्यक', 'इथे ईमेलच हवा' असं नुसतं लिहिलं की ब्राउझर आपण होऊन तपासतो. लाल तारकेच्या मागे आज बहुधा हा एक शब्द असतो, 'आवश्यक'.

मग सर्व्हरवरची तपासणी बंद झाली का? नाही, आणि होताही कामा नये. भाचा म्हणाला, "मामा, पडद्यावरची तपासणी ही सोय आहे. राखण पलीकडेच करावी लागते." पडद्यावरची तपासणी माणसाच्या स्वतःच्या संगणकावर चालते, त्यामुळे ज्याला वाकड्यात शिरायचं आहे तो ती सहज बाजूला सारतो. १९९८ च्या अखेरीस 'फ्रॅक' या संगणकी नियतकालिकातल्या एका लेखाने असा एक प्रकार लोकांपुढे आणला. नाव लिहायच्या चौकटीत नावाऐवजी माहितीच्या साठ्याला कळेल असा हुकूम लिहायचा. शाळेतलं उदाहरण देतो. हजेरीच्या यादीत एखाद्या वात्रटाने आपलं नाव 'वर्गाला सुट्टी' असं लिहून ठेवलं आणि मास्तरांनी ते मोठ्याने वाचताच वर्ग दप्तरं उचलून घरी गेला, तर? हा तसा प्रकार.

यावर काहींनी उपाय केला तो रोगापेक्षा वाईट. असे हुकूम लिहिताना बऱ्याचदा वरचा स्वल्पविराम लागतो, तेव्हा नावात तो चालणारच नाही असा नियम! मग आयर्लंडच्या ओ'ब्रायन मंडळींनी जायचं कुठे? खरा उपाय वेगळा आहे. हजेरीत लिहिलेलं कधीही हुकूम म्हणून वाचायचं नाही, नाव म्हणूनच वाचायचं. तशी सोय संगणकात आहे. चोराच्या भीतीने घरमालकाला बाहेर ठेवायची गरज नाही.

आणि इथून मला खरं म्हणायचं आहे ते सुरू होतं. आतापर्यंतचा इतिहास माणसाच्या चुका फॉर्मने कशा पकडल्या त्याचा झाला. फॉर्म माणसाकडून चुका करवून कशा घेतो, हा त्याचा दुसरा भाग. तो फारसा कुणी लिहीत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात साठी-सत्तरीच्या माणसांचे वाढदिवस विचारा. १ जून! एकाच घरातले तीन भाऊ, तिघांचाही १ जून. यात विनोद नाही, एका रकान्याचा इतिहास आहे. मी नोकरीला लागलो ते खेडेगावात. जूनमध्ये आया पोरांना हाताला धरून घेऊन यायच्या. जन्मतारीख विचारली की एक म्हणाली होती, "गुरुजी, दुष्काळात म्या खडी फोडाया जात हुते, तवा ह्यो पोटात हुता." किती नेमकं उत्तर! त्यात साल होतं, ऋतू होता, त्या बाईची सगळी हकीकत होती. नव्हता तो फक्त दिवस. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण घरी जन्मलेल्या पोराची नोंद करायला जातो कोण? रजिस्टरात 'अंदाजे' असा रकाना नव्हता आणि तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू होते, पहिलीत घ्यायला वय भरलेलं हवं. मुख्याध्यापकांनी लिहिलं, १ जून १९७३. अंकी आणि अक्षरी. दोन्ही तंतोतंत जुळत होतं.

वाचकहो, हे नीट पाहा. पडताळ्याच्या सगळ्या कसोट्यांना ती तारीख उतरते. महिना बारापैकी, दिवस तिसापैकी, अंकी-अक्षरी मेळ, वय नियमात. आणि तरीही तो पोरगा त्या दिवशी जन्मलेला नाही. फॉर्म उत्तराचा आकार तपासतो. खरेपणा तपासणं त्याच्या हातात नसतं.

तो मुलगा पुढे शासकीय नोकरीत लागला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणजे अठ्ठावन्नच्या हिशेबाने तो ३१ मे २०३१ रोजी घरी बसणार. महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मेला कचेऱ्याकचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते, ती या १ जूनमुळे. कुणाला चार महिने जास्त मिळाले, कुणाचे सहा महिने गेले. रिकामा ठेवता न आलेला एक रकाना पन्नास वर्षांनी पगार आणि पेन्शन ठरवतो.

जनगणनेलाही हेच. वय विचारलं की "लिवा साठ." पंचावन्न, साठ, पासष्ट. भारतीय जनगणनेत ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांचे ढीग लागतात हे अभ्यासकांना जुनं माहीत आहे. ते मोजायची रीतही आहे, व्हिपलचा निर्देशांक. २३ ते ६२ वयाची माणसं घ्यायची, त्यातली ० आणि ५ वर संपणाऱ्या वयाची मोजून पाचाने गुणायची, एकूण संख्येने भागून शंभराने गुणायचं. सगळं ठीक असेल तर उत्तर १००, सगळ्यांनीच 'लिवा साठ' केलं तर ५००. हा ताळा वेगळा आहे. तो एका माणसाला खोटं ठरवत नाही. आपण विचारलेला प्रश्न लोकांना झेपतो का, हे तो सांगतो.

आधारच्या वेळी हा विचार झाला होता, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. जन्मतारखेबरोबर तिचा प्रकारही नोंदायची सोय ठेवली होती: कागदपत्रांवरून पडताळलेली, सांगितलेली, किंवा अंदाजे. उत्तम! पण अंदाजे वय दिलं की यंत्र तारीख बसवायचं १ जानेवारी. २०१७ साली उत्तर भारतातल्या काही गावांत जवळजवळ सगळ्यांचे वाढदिवस १ जानेवारीला आल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत होत्या. आमच्या १ जूनची जागा १ जानेवारीने घेतली, एवढंच. 'अंदाजे' हा शब्द मूळ नोंदीत राहिला. तारीख तेवढी कार्डावर छापून पुढच्या फॉर्मात गेली आणि तिथे ती पक्की झाली.

नावाचंही असंच. पहिलं नाव आवश्यक, आडनाव आवश्यक. आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेत, एकच नाव लावणारी माणसं पुष्कळ. अमेरिकेच्या व्हिसावर अशांच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात', अशी अक्षरं येतात आणि मग कित्येक कागदांवर तेच त्यांचं नाव होऊन बसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर घ्यायचं नाही असं ठरवलं. पासपोर्टवर वडिलांचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत नंतर दिली. आईबापांनी ठेवलेलं नाव पुरेसं आहे की नाही, हे एका चौकटीने ठरवलं.

पण रकाने बदलतातही. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव पुरेसं ठरलं. मुलाला एकटीने वाढवणाऱ्या बाईला त्या एका चौकटीपुढची तारका निघाल्याने काय वाटलं असेल, याची कल्पना करा. महाराष्ट्रात २०२४ साली शासनाने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लावायचा. मुलाच्या नावाशेजारी आई आली. ही गोष्ट भाषणांनी झाली नसती, रकान्याने झाली. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, म्हणजे १ जूनची आमची जमात हळूहळू संपणार. बरंच झालं म्हणायचं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं. बाबा रे, अंक उलटले तर जरूर पकड, पिन आणि गाव जुळत नसेल तर जरूर अडव, पलीकडे पुन्हा एकदा तपास. पण प्रत्येक तारका लावण्याआधी विचार कर: हे उत्तर माहीतच नसलेला माणूस समोर आला तर तो काय लिहील? त्याला 'माहीत नाही' किंवा 'अंदाजे' म्हणायची जागा दे, आणि तो 'अंदाजे' पुढच्या फॉर्मापर्यंत सांभाळून ने. रिकामा रकाना निदान खरं बोलतो. सक्तीने भरून घेतलेल्याबद्दल तशी खात्री नाही.

तो म्हणाला, साहेबांना विचारून बघतो. असो.

तुमच्या घरात १ जूनवाले किती आहेत? आजी-आजोबा हयात असतील तर एकदा तारीख न विचारता विचारा, त्या वर्षी गावात काय झालं होतं. खरं उत्तर तिथे मिळेल.